राज्याचा कल म्हणजे कुणाचा कल?

आपल्या चळवळीतली पोरं अमेरिकेवर बोलतात तेव्हा त्यांचं गणित सोपं असतं. दक्षिण म्हणजे नरक, उत्तर म्हणजे मोकळी हवा. डेमोक्रॅटिक पक्ष काळ्यांचा, रिपब्लिकन पक्ष गोऱ्यांचा. निवडणुकीच्या रात्री नकाशा दाखवतात, त्यात काही राज्यं निळी नि काही लाल. तो बघून आपण निकाल देऊन मोकळे होतो. हे गणित चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे हे कळलं नाही, तर आपल्या स्वतःच्या तालुक्याचं राजकारणही आपल्याला कळायचं नाही. म्हणून हा लेख.

मिसिसिपी राज्य घ्या. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथली शंभरातली ९७ मतं फ्रँकलिन रूझवेल्टला पडली. रूझवेल्ट डेमोक्रॅट. मंदीत बेकारांना काम देणारा, म्हाताऱ्यांना पेन्शन देणारा. परका माणूस हा आकडा बघून म्हणेल, केवढं पुरोगामी राज्य! आता २८ वर्षं पुढं या. १९६४ साली त्याच मिसिसिपीनं शंभरातली ८७ मतं बॅरी गोल्डवॉटरला दिली. गोल्डवॉटर रिपब्लिकन, आणि त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये मत दिलेला.

मग या २८ वर्षांत मिसिसिपी फिरली का? मुळीच नाही. दोन्ही वेळा मत देणारा गोराच होता आणि त्याला हवं होतं तेही एकच : काळ्यानं आपल्या पायरीनं राहावं. १९३६ मध्ये ती हमी त्याला डेमोक्रॅटिक पक्ष देत होता. रूझवेल्टच्या पेन्शनचा १९३५ चा कायदा नीट वाचा. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते, आणि दक्षिणेतली बहुतेक काळी माणसं याच दोन कामांत राबत होती. म्हणजे मिसिसिपीच्या गोऱ्याला वॉशिंग्टनचा पैसा मिळाला आणि त्याच्या शेतावरचा मजूरही हाताखालीच राहिला. पुढं १९६४ मध्ये जॉन्सननं, म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्षानंच, नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याबरोबर यानं पक्ष सोडला. मन सोडलं नाही.

आणि काळे? १९३६ साली राज्यातली जवळजवळ निम्मी माणसं काळी होती. ती त्या ९७ मध्ये नव्हती आणि उरलेल्या तीनमध्येही जवळजवळ नव्हती. ती यादीतच नव्हती.

हे आपोआप झालेलं नाही, करवलं गेलं. यादवी युद्ध संपल्यावर, लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाच्या जोरावर, १८७० मध्ये १५ वी घटनादुरुस्ती झाली. वंशावरून मत नाकारायचं नाही, असं ठरलं. मिसिसिपीत तेव्हा काळे बहुसंख्य. त्याच वर्षी हायरम रेव्हेल्स अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. तिथं बसलेला तो पहिला काळा माणूस, आणि तो न्यूयॉर्कचा नव्हता, मिसिसिपीचा होता. त्याच्यामागून १८७५ मध्ये ब्लँच ब्रूस गेला. हा तर गुलाम म्हणून जन्मलेला. त्या काळी कुणी नकाशा रंगवला असता, तर मिसिसिपी हे काळ्यांच्या सत्तेचं राज्य म्हणून रंगवावं लागलं असतं.

गोऱ्या मळेवाल्यांनी ते उलटवलं. १८७५ च्या निवडणुकीत बंदुका निघाल्या. १८७७ मध्ये केंद्राच्या फौजेनं दक्षिणेतून अंग काढून घेतलं. आणि १८९० मध्ये मिसिसिपीनं नवी घटना लिहिली. मत द्यायचं तर वर्षाला दोन डॉलर कर भर. घटनेतलं कलम वाचून दाखव, नाहीतर ऐकून अर्थ सांग. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा कारकून गोरा. मताच्या त्या कलमांत 'काळा' हा शब्द कुठंही नाही. आडनाव न विचारता जात कशी काढायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ही त्याचीच तऱ्हा. १८९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानंही या कलमांवर शिक्का मारला. १९६४ साली मिसिसिपीतल्या प्रौढ काळ्यांपैकी शंभरात सात जणांची नावंसुद्धा यादीत नव्हती.

आता ओक्लाहोमा. २००४ ते २०२४ या सहा अध्यक्षीय निवडणुकांत या राज्याच्या सगळ्याच्या सगळ्या ७७ काउंट्या रिपब्लिकन पक्षानं घेतल्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. बाहेरचा म्हणणार, इथली मातीच उजवी. पण शंभर वर्षांपूर्वी हे राज्य वेगळ्या अर्थानं लाल होतं. १९१२ मध्ये समाजवादी युजीन डेब्जला इथं शंभरातली १६ मतं पडली. १९१४ मध्ये गव्हर्नरपदाच्या समाजवादी उमेदवाराला २० च्या वर पडली, सहा समाजवादी आमदार निवडून आले. मत देणारी होती कापूस पिकवणारी कुळं, खंडानं आणि व्याजानं पिळलेली.

१९१० मध्ये तिथल्या सत्ताधारी डेमोक्रॅटांनी एक कलम आणलं. मत देण्यासाठी लिहिता-वाचता आलं पाहिजे, पण १ जानेवारी १८६६ ला ज्याच्या बापजाद्यांना मताचा हक्क होता त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला काळ्याच्या आजोबाला कुठला हक्क? समाजवाद्यांनी या आजोबा-कलमाला विरोध केला. १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये गोरी, काळी आणि आदिवासी कुळं महायुद्धाच्या सक्तीच्या भरतीविरुद्ध हत्यारं घेऊन एकत्र उठली. उठाव काही दिवसांत चिरडला, शेकडो तुरुंगात गेले, पक्ष मोडून पडला. १९२१ मध्ये याच राज्यात टल्सा शहरातली काळ्यांची भरभराटीची ग्रीनवूड वस्ती गोऱ्या जमावानं जाळली. लाल राज्याचा आजचा लाल रंग या राखेवर चढलेला आहे.

आणि ती उत्तरेची, पश्चिमेची मोकळी हवा? कॅलिफोर्नियाचं बघा. ३ नोव्हेंबर १९६४. त्या दिवशी कॅलिफोर्नियानं गोल्डवॉटरला पाडून जॉन्सनला भरघोस मतं दिली. त्याच मतपत्रिकेवर दुसरा एक प्रश्न होता, घर विकताना किंवा भाड्यानं देताना वंश बघायला बंदी करणारा कायदा मोडीत काढायचा का? शंभरातले ६५ जण म्हणाले, काढा. नागरी हक्कांच्या अध्यक्षाला मत आणि शेजारी काळा नको म्हणूनही मत, एकाच दिवशी, एकाच हातानं. पुढं कोर्टानं तो कौल रद्द केला, पण माणसांनी कौल दिला होता हे उरलंच.

मॅसॅच्युसेट्स तर १९७२ मध्ये निक्सनच्या विरोधात गेलेलं एकमेव राज्य. ४९ राज्यं एकीकडं, हे एकटं दुसरीकडं. गुलामगिरीविरोधी चळवळीचं माहेर. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, बॉस्टनमधल्या गोऱ्यांच्या शाळांत काळी मुलं बसनं नेण्याचा हुकूम कोर्टानं दिला, तेव्हा त्या पुरोगामी शहरात मुलांच्या बसवर दगड पडले. आपल्याकडंही भाषणात समता सांगणारे नि घर देताना आडनाव विचारणारे पुष्कळ आहेत. मी नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

आता आपल्या जवळची गोष्ट. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून आलं? ब्लॅक पँथरवरून. ब्लॅक पँथर कुठली? लगेच उत्तर येतं, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची, १९६६. पक्ष ओकलंडचा, खरं आहे. पण तो पँथर, ते काळं जनावर, आलं अलाबामातून. ज्या दक्षिणेला आपण नुसती बळी म्हणून ओळखतो, तिथून.

अलाबामात लाउंड्स नावाची काउंटी आहे. १९६५ साली तिथं शंभरातले ८० लोक काळे. वर्षाच्या सुरुवातीला मतदारयादीत एकाही काळ्याचं नाव नव्हतं. गोऱ्यांची नावं मात्र गोऱ्या प्रौढांच्या संख्येहून जास्त होती, म्हणजे मेलेले गोरे यादीत आणि जिवंत काळे बाहेर. स्टोकली कारमायकल आणि त्याचे विद्यार्थी कार्यकर्ते तिथं गेले, स्थानिक जॉन ह्यूलेट आणि इतरांबरोबर घरोघर फिरले. नाव नोंदवलं म्हणून मळेवाल्यांनी कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबूत राहिली. पण यादी भरत गेली.

अलाबामातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि १९६६ पर्यंत त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. त्या पक्षात शिरून काय होणार? म्हणून लाउंड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. बरेच मतदार निरक्षर, तेव्हा चिन्ह लागणार, आपल्याकडं लागतं तसंच. त्यांनी काळा पँथर घेतला. १९६६ च्या नोव्हेंबरात त्यांचे सगळे उमेदवार पडले. १९७० मध्ये जॉन ह्यूलेट शेरीफ झाला. ज्या काउंटीत पाच वर्षांपूर्वी काळ्याला मत नव्हतं, तिथला पोलीसप्रमुख काळा.

लाउंड्स ज्या पट्ट्यात येते त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. मुळात हे नाव काळ्या जमिनीवरून पडलं. काळ्या जमिनीत कापूस, जिथं कापूस तिथं गुलाम, आणि जिथं गुलाम तिथं आज त्यांची नातवंडं-पतवंडं. लाल अलाबामाच्या पोटातून हा निळा पट्टा आजही जातो. डिसेंबर २०१७ मध्ये या पट्ट्यातल्या आणि शहरांतल्या काळ्या मतदारांनी, विशेषतः काळ्या बायकांनी, डग जोन्स या डेमोक्रॅटाला सुमारे २२ हजार मतांनी सिनेटवर पाठवलं, तेव्हा सगळे चकित झाले. यादी वाचणाऱ्याला चकित व्हायचं कारण नव्हतं. २०२० मध्ये तो पडला. एकदा जिंकलेली जागा आपोआप आपली राहत नाही.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं याद्या उघडल्या. त्या कायद्यातली केंद्राच्या आगाऊ परवानगीची तरतूद २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकामी केली, तीही अलाबामातल्याच एका काउंटीच्या खटल्यात. मिसिसिपीत तर आजही काळ्यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त आहे, शंभरात ३८ च्या आसपास. २०२० मध्ये तिथल्या ४१ टक्के मतदारांनी बायडेनला मत दिलं, त्यात मोठा वाटा काळ्यांचा. पण ज्याला जास्त मतं त्याला राज्याचे सगळे प्रतिनिधी, असा नियम. सहाच्या सहा ट्रम्पला गेले. नकाशावर सगळं राज्य लाल. ते ४१ टक्के कुठं गेले?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बहुसंख्यांच्या एकत्र मतदारसंघात अल्पसंख्याचं मत बुडतं, हे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मांडलं होतं. म्हणूनच त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला आणि १९३२ च्या पुणे करारात तो सोडावा लागला. मिसिसिपी त्यांच्या मुद्द्याचा चालताबोलता पुरावा आहे.

तेव्हा मित्रांनो, अमका जिल्हा प्रतिगामी, तमकं शहर पुरोगामी, असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडं आधी यादी मागा. कुणाची नावं आहेत, कुणाची गळाली, हंगामाला ऊसतोडीला गेलेली माणसं मतदानाच्या दिवशी कुठं असतात, बूथ कुणाच्या वाड्याशेजारी आहे. लाउंड्सच्या लोकांनी पँथर नंतर काढला. त्याआधी ते दारोदार हिंडून एकेक नाव लिहीत होते.