डेलको, टायमिंग आणि शिशाची गोष्ट

आजचा भाग सुरू होतो खंबाटकी घाटात, आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली. गाडी बाबांची, इंजिन 1089 सीसीचं. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला निघालो होतो. चढ लागला, टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा. पाय सैल केला की गप्प, दाबला की पुन्हा खडखड.

बाबांचं निदान तयार होतं. "हे हल्लीचं पेट्रोल! जुन्या पेट्रोलवर ही कधी ठोकली नाही. विकून टाकू आता." आणि ते खरंच विकायच्या गोष्टी करू लागले. त्यामुळे मला या आवाजाच्या मुळाशी जाणं भाग होतं.

हा आवाज म्हणजे काय? प्लगची ठिणगी पडली की ज्वाला सिलिंडरमधून पसरत जाते. ती कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर एकदम धडका बसतो. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली की दाब जास्त चढतो आणि हे हमखास होतं. बरेच दिवस चाललं तर पिस्टनची वाट लागते.

शंभर वर्षांपूर्वी हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनियर होता. 1912 च्या कॅडिलॅकचा इलेक्ट्रिक स्टार्टर त्याचाच, त्याआधीचं बॅटरी इग्निशनही त्याचंच. गाड्या ठोकू लागल्या तेव्हा लोकांनी खापर त्याच्या इग्निशनवर फोडलं. त्याने थॉमस मिजली या तरुणाला कामाला लावलं. 1916 मध्ये दोघांना वाटलं, इंधन लाल रंगवलं तर ते उष्णता लवकर शोषेल. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडिन घातलं, आणि ठोकणं थांबलं! मग खरे लाल रंग आणून घातले, काही उपयोग नाही. म्हणजे तर्क साफ चुकीचा, पण इंधनात काहीतरी मिसळून आवाज थांबतो हे कळलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

पुढचं मात्र आवडण्यासारखं नाही. 9 डिसेंबर 1921 ला त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. गॅलनमागे चमचाभरसुद्धा लागत नसे. गंमत बघा, त्याच वर्षी मिजलीने अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावरही गाडी न ठोकता चालते हे दाखवलं होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, शिशाच्या रसायनावर पेटंट घेता येतं. 1923 च्या फेब्रुवारीत डेटनच्या पंपावर ते विकायला आलं. 1924 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीने पत्रकारांपुढे त्याच द्रवाने हात धुऊन, वास घेऊन दाखवला. त्याआधी तो स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडला होता, हे त्याला ठाऊक होतं की! तरी जगभर तेच पेट्रोल चाललं. आपल्याकडे ते 1 फेब्रुवारी 2000 ला बंद झालं, आणि सगळ्यात शेवटी 2021 मध्ये अल्जीरियात.

तर बाबांचं "जुनं पेट्रोल" हे होतं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटलाही जपायचं, तेवढं खरं. पण आमच्या गाडीने 2000 नंतरही वीस-बावीस वर्षं घाट चढले होते, तेही न ठोकता. मग आत्ताच काय झालं?

मी गाडी एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पेट्रोलचं नावही घेतलं नाही. "पॉइंट कधी बदलले?" मागच्या महिन्यात, दुसऱ्या गॅरेजमध्ये. "मग डेलको उघडू."

डेलको म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपले मिस्त्री सरसकट हाच शब्द वापरतात, आणि तो आला केटरिंगच्या 1909 सालच्या कंपनीच्या नावावरून, डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "असेल, असेल. टॉर्च धरा."

फीलर गेज घातला तर पॉइंटचा गॅप बराच मोठा. गॅप मोठा म्हणजे पॉइंट लवकर उघडणार, ठिणगी लवकर पडणार, टायमिंग पुढे. आधी टायमिंग लावून नंतर गॅप बदलला असणार, उलटा क्रम. चाचांनी गॅप नीट केला, मग बारा व्होल्टचा बल्ब जोडून पुली हाताने हळूहळू फिरवली. बल्ब पेटला की पॉइंट उघडले. पुलीवरची खूण तरी किंचित पुढेच होती, म्हणून डेलको केसभर मागे फिरवला. त्यांनी आतली अ‍ॅडव्हान्सची वजनं अडकली नाहीत ना, तेही बोटाने पाहिलं. एवढं करूनही ठोकली असती तर हेड उघडून कार्बन बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या रविवारी पुन्हा खंबाटकी. बाबांनी रेडिओ बंद केला आणि काच खाली घेतली. टॉप गिअर, पाय पूर्ण खाली. वळणं गेली, चढ संपला. बाबा काहीच बोलले नाहीत. वरच्या टपरीवर चहा घेताना म्हणाले, "चावी दे इकडे. इथून पुढे मी चालवतो."