चिनी पारंपरिक वैद्यक : चिकित्सालयीन पुराव्याचा इतिहास

चिनी पारंपरिक वैद्यकातील औषधे व उपचार खरोखरच गुणकारी आहेत किंवा काय, हे रुग्णांच्या पद्धतशीर तुलनेने ठरविण्याचे प्रयत्न मुख्यतः विसाव्या शतकात सुरू झाले. तथापि तुलनेची कल्पना चीनला अपरिचित नव्हती. सू सूंग (१०२०–११०१) याच्या देखरेखीखाली १०६१ मध्ये सिद्ध झालेल्या सचित्र औषधिग्रंथात जिन्सेंग या मुळीची पारख करण्याची एक रीत दिली आहे. दोन माणसांना तीन ते पाच ली (एक ली म्हणजे सु. अर्धा किमी.) बरोबर चालावयास लावावे, एकाने तोंडात मुळी धरावी, दुसऱ्याने धरू नये. दुसऱ्यास धाप लागली आणि पहिल्याचा श्वास संथ राहिला, तर मुळी खरी समजावी. या कसोटीला जगातील पहिल्या नियंत्रित चाचण्यांपैकी एक म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तीत पारख होते ती मुळीच्या अस्सलपणाची. तिचा गुण गृहीतच धरलेला आहे. पुढील वादाचे मूळ येथे आढळते.

ली शी-जन (१५१८–९३) याच्या बेनत्साव गांगमू या ग्रंथात १,८९२ औषधद्रव्यांचे वर्णन असून त्याने पूर्वसूरींच्या अनेक चुका दुरुस्त केल्या. मात्र औषध न घेता किती रोगी बरे झाले असते, हा प्रश्न त्या काळी वैद्यक सहसा विचारीत नसे. १९२९ मध्ये नानकिंग येथील राष्ट्रवादी शासनाच्या आरोग्य समितीपुढे पारंपरिक वैद्यक क्रमाने बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शांघायमध्ये जमलेल्या वैद्यांनी त्यास तीव्र विरोध केला व तो बारगळला. एका पक्षाने सिद्धांत चुकीचे म्हणून औषधेही निरुपयोगी ठरविली. दुसऱ्याने औषधे जुनी म्हणून ती सिद्ध मानली. दोन्ही पक्षांनी रुग्ण मोजले नाहीत.

वेगळी वाट रसायनशास्त्राने दाखविली. पीकिंगमध्ये के. के. चेन (१८९८–१९८८) व कार्ल श्मिट यांनी १९२३–२४ मध्ये मा-ह्वांग या वनस्पतीतील एफेड्रीन या अल्कलॉइडाची औषधिक्रिया तपासली आणि ते दम्यावरील औषध म्हणून जगभर गेले. याच वाटेने हिवतापावरील आर्टेमिसिनीन मिळाले. व्हिएटनाम युद्धाच्या काळात, २३ मे १९६७ रोजी, चीनने हिवतापविरोधी औषधांच्या शोधाची गुप्त योजना आखली. दिनांकावरून तिला ‘प्रकल्प ५२३’ हे नाव पडले. तू यूयू (१९३०–    ) यांच्या गटाने दोन हजारांहून अधिक पाठ तपासले आणि सु. २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर आजमावले. बहुतेकांनी निराशा केली. छिंगहाव या वनस्पतीचा (आर्टेमिसिया ॲन्युआ) अर्कही कधी चाले, कधी चालत नसे. गो हूंग याच्या चौथ्या शतकातील ग्रंथात ही वनस्पती उकळण्यास नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले आहे, हे लक्षात आल्यावर उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून ईथराने कमी तापमानास अर्क काढण्यात आला. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो उंदरांतील हिवतापावर पूर्ण गुणकारी ठरला. १९७२ मध्ये तू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम स्वतः घेतला व नंतर हैनान बेटावरील २१ रुग्णांना दिला. या कार्याबद्दल तू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निर्णायक पुरावा मात्र नंतरचा आहे. बांगला देश, ब्रह्मदेश, भारत व इंडोनेशिया येथील तीव्र हिवतापाच्या १,४६१ रुग्णांना कोणतीही निवड न करता, यदृच्छया, दोन गटांत विभागून आर्टेसुनेट किंवा क्विनीन देण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात १५ टक्के व दुसऱ्यात २२ टक्के रुग्ण दगावले. ग्रंथाने दिशा दाखविली. प्रामाण्य या मोजणीने दिले. [⟶ हिवताप].

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे सूचिवेधनाची परीक्षा अधिक अवघड, कारण सुई टोचल्याचे रुग्णास कळते. यासाठी बोथट, मुठीत सरकणारी खोटी सुई किंवा ग्रंथोक्त बिंदू सोडून उथळ टोचणे, असे उपाय योजण्यात आले. कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील जर्मन चाचणीत (२००७) सहा महिन्यांनी ग्रंथोक्त सूचिवेधनाने ४७·६ टक्के, खोट्याने ४४·२ टक्के व नेहमीच्या उपचाराने २७·४ टक्के रुग्णांस उतार पडला. बिंदूंच्या सिद्धांताला हा निकाल प्रतिकूल आहे. पण पाठ दुखणाऱ्या माणसास तो तसा वाटेलच असे नाही. जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विम्याने २००६ मध्ये कंबर व गुडघ्याच्या दुखण्यासाठी हा उपचार मान्य केला.

चिनी वैद्य एकाच रोगास प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतिलक्षणांनुसार निराळे औषध देतो. म्हणून ठरावीक गोळीची चाचणी अन्यायकारक होय, असा आक्षेप घेतला जातो. तो टाळता येतो. मोठ्या आतड्याच्या क्षोभाच्या ११६ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत (१९९८) काहींना व्यक्तिगत काढा, काहींना ठरावीक मिश्रण व काहींना औषधहीन तोषक (प्लासिबो) देण्यात आले. सोळा आठवड्यांनी दोन्ही औषधगट तोषकाहून सरस ठरले. उपचार थांबल्यानंतर चौदा आठवड्यांनी लाभ टिकला तो व्यक्तिगत गटात.

दीर्घ वापर म्हणजे निर्धोकपणा, ही समजूत बेल्जियममध्ये महागात पडली. १९९० च्या सुमारास तेथील कृशतेच्या औषधात फांगजीऐवजी नामसाधर्म्यामुळे ग्वांगफांगजी, म्हणजे आपल्याकडील सापसंदाच्या वंशातील वनस्पती, मिसळली गेली. शंभरावर व्यक्तींची वृक्के निकामी झाली. त्यांपैकी ज्या ३९ जणांची वृक्के व मूत्रवाहिन्या प्रतिबंधक उपाय म्हणून काढण्यात आल्या, त्यांतील १८ जणांत कर्करोग आढळला (२०००). विष वर्षांनंतर प्रकट होत असेल, तर जुन्या वैद्यास त्याचा औषधाशी संबंध दिसणे शक्यच नव्हते.

चाचण्यांची संख्या वाढली तरी विश्वास वाढला नाही. १९९८ मधील एका समीक्षेत चीन, जपान, हाँगकाँग व तैवान येथील सूचिवेधनाच्या सर्वच्या सर्व चाचण्या अनुकूल आढळल्या. कोणत्याही खऱ्या उपचारास असे निरपवाद यश मिळत नाही. प्रतिकूल निकाल प्रसिद्धच होत नसावेत, असे यावरून मानावे लागते. पुढील वर्षी तपासलेल्या चिनी नियतकालिकांतील २,९३८ चाचण्यांचा दर्जाही सामान्यतः निकृष्ट ठरला.

अलीकडील मोठ्या चाचण्यांत हे चित्र पालटू लागले आहे. जिन्सेंग, जळू, विंचू, गोम इ. घटकांच्या थूंगशिनल्वो या औषधाची १२४ चिनी रुग्णालयांत तीव्र हृद्‌रोहिणी-अवरोधाच्या ३,७७७ रुग्णांवर, वैद्य व रुग्ण दोघांनाही औषध अज्ञात ठेवून, परीक्षा झाली (२०२३). तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका इ. गंभीर घटना औषधगटात ३·४ व तोषकगटात ५·२ टक्के घडल्या. उलट, मेंदूतील रक्तस्रावावरील एका पारंपरिक पाठाची २६ चिनी रुग्णालयांतील १,६४८ रुग्णांवर चाचणी होऊन २०२४ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. नव्वद दिवसांनी औषध घेतलेले व तोषक घेतलेले रुग्ण यांच्या स्थितीत फरक आढळला नाही.