मासाहेबांची मशीद

दाभोळ म्हटले की अजूनही अनेकांना एनरॉन आठवते. गंमत अशी की तो वीज प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. प्रकल्पाला फक्त नाव दाभोळचे दिले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथूनच परतीच्या जहाजात बसला. मिसर, अरबस्तान, खुरासानचे घोडे या बंदरात उतरतात, असे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले. त्या बंदराची ओळख आज एका वादग्रस्त कंपनीपुरती उरावी, हे आम्हां रत्नागिरीकरांना बरे वाटत नाही.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना ताजमहाल माहीत आहे, कुतुबमिनार माहीत आहे. बिदरच्या मदरशाचे चित्रही काहींनी पाहिलेले असते. पण तो मदरसा १४७२ मध्ये उभारणारा ख्वाजा महमूद गावान इराणच्या गिलानहून निघून हिंदुस्थानात पहिल्यांदा उतरला तो १४५३ च्या सुमारास दाभोळच्या बंदरावर, हे सांगितले की मुले आमच्याकडे संशयाने पाहतात. आपल्या जिल्ह्यात असे काही घडले असेल, यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. म्हणून आम्ही ठरवले की निदान आपल्या घरच्या मुलींना तरी दाखवून आणू.

हिवाळ्यातला रविवार होता. फजरची नमाज पढून मिरजोळ्याहून निघालो. आम्ही नवरा-बायको, दोघी मुली, अम्मी आणि अम्मीचे थोरले भाऊ, आमचे मामू. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून तवसाळला उतरलो. गुहागरावरून धोपावे, तिथे पुन्हा फेरीबोट आणि समोर वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. ही फेरीबोट २००३ पासून सुरू आहे. त्याआधी चिपळूणवरून मोठा वळसा पडे.

मशीद बंदराच्या अगदी जवळ आहे. उंच चौथरा, चढायला रुंद पायऱ्या, अंगणात हौद, वर मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना मिनार. इंग्रजांच्या काळात, १८८० मध्ये निघालेल्या गॅझेटिअरने तिची मापे दिली आहेत. आतून ६३ फूट लांब, ५४ फूट रुंद, उंची सुमारे ७५ फूट. दक्षिण कोकणात शुद्ध इस्लामी शैलीची एवढीच एक इमारत आहे, असेही त्यात म्हटले आहे. एकेकाळी घुमटाला सोन्याचा मुलामा होता म्हणतात. आता तो नाही. पण नक्षी अजून नजर धरून ठेवते. विजापूर पाहिलेल्या माणसाला हा घुमट कोणत्या घराण्यातला ते सांगावे लागत नाही.

आता गोष्ट. विजापूरची शहजादी आयेशा बीबी, म्हणजे मासाहेबा, मोठा लवाजमा आणि लाखोंचा खजिना घेऊन हजला निघाली. दाभोळला आली तेव्हा समुद्रात चाच्यांचे भय होते. जहाज सुटेना. तेव्हा काझी आणि मौलवींनी सल्ला दिला की हा पैसा नेक कामी लावावा. त्यातून पंधरा लाख खर्चून ही मशीद उभी राहिली. साल सांगतात १६५९-६०.

समुद्राचे भय ही नुसती कहाणी नव्हे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले, कत्तल केली. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता, त्याचा हा सूड. पुढे हजच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. अकबराच्या काळात तर काही उलेमांनी असा परवाना घेऊन जावे लागत असेल तर हज फर्जच राहत नाही, असे मत दिले होते.

पण आमच्या मास्तरकीच्या डोक्यात एक शंका येते. मासाहेबा ही पदवी शहजादीची कशी? ती शोभते सुलतानाच्या आईला. आणि नेमक्या त्याच वर्षांत विजापुरात अशी एक मोठी बाई होती. गोवळकोंड्याची लेक, मुहंमद आदिलशहाची राणी खदीजा सुलताना, म्हणजे बडी साहिबा. नवरा १६५६ मध्ये वारला, अली आदिलशहा गादीवर बसला आणि राज्याची बरीच सूत्रे तिच्या हाती होती. अफझलखान वाईकडे निघाला तो याच काळात. ही बडी साहिबा १६६१ च्या सुमारास खरोखर हजला गेली. दाभोळहून नव्हे, वेंगुर्ल्याहून, डचांच्या जहाजातून. आमचा तर्क असा की दाभोळच्या लोकांनी दोन आठवणी एकत्र केल्या असाव्यात, मशिदीची एक आणि हजला निघालेल्या राणीची दुसरी. हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण कुणा अभ्यासकाने आदिलशाही कागदपत्रांत आणि डचांच्या दफ्तरांत एकदा या दृष्टीने पाहावे.

अफझलखानाच्या मृत्यूनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा कोकणात उतरल्या आणि दाभोळ विजापूरकरांच्या हातून गेले. मशिदीला धक्का लागला नाही. महाराजांवर सतत टीका करणाऱ्या खाफीखानानेही, त्यांनी मशिदींना व कुराणाला हात लावू नये असा दंडक घातला होता, हे लिहून ठेवले आहे. आमच्या मुलींना शाळेत काय कानावर पडेल ते सांगता येत नाही. हे मात्र आम्ही त्यांना तिथेच, पायऱ्यांवर बसवून सांगितले.

जुहरच्या वेळी मामू आत गेले. अम्मी अंगणाच्या कडेला उभी राहिली. म्हणाली, "बीबीने बांधली ना रे? मग बायकांनी उभे राहायचे कुठे?" आम्ही काही बोललो नाही. आमच्या गावांतल्या मशिदींतून हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि पुस्तके वाचून बी.एड. झालेल्या माणसाकडेही त्याचे तयार उत्तर नाही. अम्मीनेच मग सावली बघून एका कोपऱ्यात चटई टाकली. थोरली नात तिच्या शेजारी उभी राहिली.

नंतर डबे उघडले. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, आंब्याचे लोणचे. मामू त्यांच्या अब्बांच्या हजबद्दल सांगत होते. मुंबईहून जहाजाने गेले, निघताना सगळ्यांकडून बोलेचाले माफ करून घेतले, कारण परत येण्याची खात्री कुणालाच नसे. १९९५ मध्ये ती जहाजे बंद झाली. अम्मीचा अर्ज दोन वेळा गेला, दोन्ही वेळा सोडतीत नाव आले नाही.

धाकटीने विचारले, "दादी, तुझ्या हजच्या पैशांतून तू काय बांधशील?"

"आधी मला जाऊ तरी दे," अम्मी म्हणाली आणि तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.