नाशिकच्या मंदिरांचे दर्शन : रीत, वेळ आणि इतिहास

नाशिक, प्रतिनिधी

देवदर्शनासाठी नाशिकला येणारा शहरी प्रवासी बहुधा एका दिवसाचा पाहुणा असतो. पहाटे मुंबई किंवा पुणे सोडायचे, दुपारपर्यंत त्र्यंबकेश्वर, सायंकाळी पंचवटी आणि रात्री परतीची वाट, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. या धावपळीत दर्शन होते. मात्र देवळातील रीती कशा पडल्या, त्यांचा या गावाशी कोणता संबंध आहे आणि या देवळांची दारे सर्वांना कशी खुली झाली, हे समजून घेणे राहून जाते. नाशिकची देवळे पाहायची तर मूर्तीइतकेच त्यांच्या दारांकडेही लक्ष द्यावे लागते.

दाराशी पाळावयाच्या गोष्टी

देऊळ लहान असो वा मोठे, काही संकेत सर्वत्र सारखे आहेत. पादत्राणे बाहेर काढावीत, शक्य तेथे हातपाय धुवावेत आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा. शंकराच्या देवळात बहुतेक ठिकाणी सभामंडपातील नंदी व कासवाला नमस्कार करून पुढे जाण्याची रीत आहे. शंकराची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या मार्गाने बाहेर पडते, तो ओलांडायचा नसल्याने तेथून मागे फिरतात. देवीच्या देवळात ओटी भरायची असल्यास खण, नारळ व तांदूळ बरोबर ठेवावेत. गाभाऱ्यात कातडी पट्टा व पाकीट नेऊ नये. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारणे केव्हाही चांगले. पूजा वा अभिषेक करायचा असल्यास देवस्थानच्या कार्यालयात दर पाहून रीतसर पावती घ्यावी. त्यामुळे मागाहून वाद उद्भवत नाही.

रामकुंड आणि गंगाघाट

पंचवटीची सुरुवात रामकुंडापासून करावी. गोदावरीला नाशिककर ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठाला ‘गंगाघाट’. रस्ता विचारताना हेच शब्द कानी पडतील. रामकुंडावर दररोज दूरदूरची कुटुंबे अस्थिविसर्जनासाठी आणि श्राद्धविधीसाठी येतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भागही येथे विसर्जित करण्यात आला होता. पर्यटकाला हा घाट म्हणजे गजबजलेले प्रेक्षणीय स्थळ वाटते; पण त्याच्या शेजारी बसलेल्या कुटुंबासाठी तो दुःखाचा दिवस असतो. विधी चालू असताना कॅमेरा बंद ठेवणे हा येथील सर्वांत महत्त्वाचा शिष्टाचार समजावा.

रामकुंडाजवळच पायऱ्या चढून कपालेश्वराचे देऊळ लागते. येथे शिवलिंगासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून मुक्त होण्याचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानले आणि आपल्यासमोर बसू दिले नाही, अशी कथा सांगितली जाते. नदीच्या दुसऱ्या अंगाला सुंदरनारायणाचे देऊळ आहे. वैकुंठ चतुर्दशीला या दोन देवांची ‘हरिहर भेट’ घडवली जाते. तेव्हा विष्णूचा तुळशीहार शंकराला आणि शंकराचा बेल विष्णूला वाहतात. शैव आणि वैष्णव परंपरा या गावात एकमेकींशेजारी कशा नांदतात, ते समजण्यास ही एक रात्र पुरेशी आहे.

घाटावरील नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुती यांचे नाव पावसाळ्यात घरोघरी निघते. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, गळ्याला आले की डोक्यावरून गेले, यावरून जुने नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात पाणी वाढत असल्यास घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नये.

काळाराम मंदिर

रामकुंडापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. पेशवाईतील सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधवले. रामशेजच्या परिसरातील काळा दगड त्यासाठी वापरण्यात आला. राम, सीता व लक्ष्मण यांच्या मूर्तीही काळ्या पाषाणाच्या असल्याने देवाला ‘काळाराम’ हे नाव पडले. आवार तटबंदीचे असून त्याला चार दिशांना दरवाजे आहेत.

हे दरवाजे शांतपणे पाहावेत, कारण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठा लढा त्यांच्यापुढे झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी येथे सत्याग्रह सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातील भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी त्याच्या संघटनेचा भार उचलला. हजारोंची मिरवणूक मंदिरापाशी आली, तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून स्त्री-पुरुष सत्याग्रहींनी दरवाजांसमोर ठाण मांडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रामरथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा सुमारे पाच वर्षे चालला, पण दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा डॉ. आंबेडकर यांनी केली. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. येवल्याला पैठणीच्या खरेदीसाठी जाणाऱ्यांनी तेथील ‘मुक्तिभूमी’ हे स्मारक अवश्य पाहावे. काळारामाच्या दर्शनाला त्यामुळे पूर्णता येते.

चैत्र शुद्ध एकादशीचा रथोत्सव हा नाशिकचा मोठा सोहळा. रामरथ आणि गरुडरथ असे दोन रथ निघतात. मानाचे पुजारी रामरथाकडे तोंड करून, म्हणजे उलट्या पावलांनी चालतात. गरुडरथ नदी ओलांडून गावात जातो; रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. या दिवशी पंचवटीत वाहन नेण्याचा विचारही करू नये. जवळच्या सीतागुंफेत वाकून, प्रसंगी बसून उतरावे लागते. गुडघेदुखी वा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा.

त्र्यंबकेश्वर

नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. आजचे काळ्या दगडातील मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. येथील लिंग वर आलेले नसून खोलगट आहे आणि त्यात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची प्रतीके मानलेले अंगठ्याएवढे तीन उंचवटे आहेत. प्रथमच येणाऱ्याची नजर लिंग शोधत राहते आणि तेवढ्यात रांग पुढे सरकते. म्हणून ही गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी.

येथेही दाराचा प्रश्न अलीकडेच सुटला आहे. हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचा कायदा १९५६ चा आहे. तरीही गाभाऱ्यात स्त्रियांना मज्जाव होता. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि त्याच महिन्यात स्त्रियांनी येथील गाभाऱ्यात प्रवेश केला. त्या वेळी सकाळचा ठरावीक तास आणि ओले सुती वा रेशमी वस्त्र अशा अटी होत्या. गाभाऱ्यातील प्रवेशाची वेळ आणि पोशाखाचा नियम जाण्याच्या दिवशी देवस्थानकडून विचारून घ्यावा. मंदिरात केवळ हिंदूंना प्रवेश असल्याचा फलक येथे लावलेला असतो. परधर्मीय स्नेही वा परदेशी पाहुणे बरोबर असल्यास त्यांना याची कल्पना आधीच द्यावी. मोबाइल व कॅमेरा वापरण्यास आत मनाई आहे.

नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध, कालसर्प शांती हे विधी करून देणाऱ्या तीर्थोपाध्यायांची घरे गावात आहेत. त्यांच्याकडील नामावळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात. आडनाव व मूळ गाव सांगितल्यास आजोबा-पणजोबांची सही सापडू शकते. विधी करायचा नसला तरी ही चौकशी करण्यासारखी आहे. संत ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे आणि पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते.

सिन्नर आणि वणी

दुसरा दिवस हाताशी असेल तर सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहावे. यादवकालीन असे हे शिवपंचायतन. मध्ये शंकराचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान मंदिरे. येथे गर्दी तुरळक असल्याने शिल्पे सावकाश पाहता येतात. वणीची सप्तशृंगी देवी साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानली जाते. अठरा हातांच्या या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर २०२२ मध्ये काढण्यात आले, तेव्हा मूळ रूप दिसू लागले. चैत्रातील यात्रेला खानदेशातून हजारो भाविक पायी येतात. शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. पायऱ्या चढणे शक्य नसलेल्यांसाठी गडावर ट्रॉलीची सोय आहे.

केव्हा आणि कसे जावे

नाशिकरोड स्थानकापासून पंचवटी सुमारे दहा किलोमीटर आहे. त्र्यंबकेश्वरला एसटीच्या तसेच महापालिकेच्या ‘सिटीलिंक’ बस जातात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. सोमवार, श्रावण महिना, महाशिवरात्र आणि सलग सुट्या टाळल्यास रांग कमी लागते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकेश्वरी अलोट गर्दी असते. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये आहे. वैष्णव आखाडे रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करतात. निवांत दर्शन हवे असलेल्यांनी पर्वणीच्या तारखा पाहून त्या टाळाव्यात.

परतीच्या घाईतही काळारामाच्या दारापाशी काही क्षण थांबावे. १९३० मध्ये ज्यांना या दारातून आत जाऊ दिले नाही, त्यांची नातवंडे-पतवंडे आज इतरांबरोबर एकाच रांगेत उभी राहू शकतात. ही रांग आपोआप लागलेली नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून योग्य जागा नाशकात नाही.