परदेशातील नोकरी आणि मायदेशातील प्राप्तिकर विवरणपत्र

नोकरीनिमित्त दुबई, लंडन किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे भारताशी असलेले आर्थिक नाते सहसा तुटत नाही. पुण्यातील सदनिकेचे भाडे, बँकेतील मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि वडिलोपार्जित घरातील हिस्सा मागे उरतोच. 'पगारावरील कर तिकडे भरला, मग येथे विवरणपत्र कशाला?' हा समज मात्र महागात पडतो. कधी त्यातून दंड होतो, तर अनेकदा हक्काचा परतावा हातचा जातो.

अनिवासी कोण?

प्राप्तिकरासाठी नागरिकत्वापेक्षा भारतातील वास्तव्याचे दिवस महत्त्वाचे असतात. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहणारी व्यक्ती 'निवासी' ठरते. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस वास्तव्य असले, तरी हाच नियम लागू होतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. त्यामुळे २८ सप्टेंबरपर्यंत रवाना होऊन त्या वर्षात न परतणारी व्यक्ती अनिवासी ठरते. ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्या व्यक्तीचा उर्वरित महिन्यांचा परदेशी पगारही साधारणपणे भारतात करपात्र होतो.

सुटीवर येणाऱ्यांनाही १८२ दिवसांचीच मर्यादा आहे. तथापि, परदेशी उत्पन्न वगळता अन्य उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असल्यास २०२०च्या वित्त कायद्याने ही मर्यादा १२० दिवसांवर आणली. २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हे निकष मूलतः कायम आहेत.

कर कशावर?

अनिवासी व्यक्तीने परदेशात काम करून तेथेच मिळविलेल्या पगारावर भारतात कर लागत नाही. एनआरई आणि एफसीएनआर खात्यांवरील व्याजही करमुक्त आहे. एनआरओ खात्यावरील व्याज, घरभाडे, तसेच समभाग व स्थावर मालमत्तेच्या विक्रीतील नफा मात्र करपात्र ठरतो. परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्या अनिवासी खलाशांचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७मध्ये स्पष्ट केले आहे.

परताव्याचे गणित

अनिवासी घरमालकाला भाडे देताना भाडेकरूने उपकरासह ३१.२ टक्के कर कापणे बंधनकारक आहे. ठाण्यातील सदनिकेचे भाडे दरमहा ४० हजार रुपये असेल, तर वर्षाच्या ४ लाख ८० हजारांतून १ लाख ४९ हजार ७६० रुपये कापले जातात. प्रत्यक्षात ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न ३ लाख ३६ हजार रुपये उरते. अन्य उत्पन्न नसेल, तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत लागू झालेल्या ४ लाखांच्या मूळ सूट मर्यादेत ते बसते. म्हणजे देय कर शून्य. पण कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही.

घर विकतानाही सावध राहावे लागते. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दराने, अधिभार व उपकरासह करकपात होते. कमी दराचे प्रमाणपत्र आधी घेतले नसेल, तर व्यवहारात ती बहुधा संपूर्ण विक्री किमतीवर केली जाते.

बारा लाखांचा गैरसमज

१२ लाखांपर्यंत कर नाही, ही सवलत करसवलतीच्या स्वरूपात असून ती केवळ निवासींसाठी आहे. नव्या प्रणालीत ८ लाखांचे एनआरओ व्याज मिळविणाऱ्या अनिवासीला २० हजार ८०० रुपये कर द्यावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांची वाढीव सूट मर्यादाही अनिवासींना मिळत नाही.

विवरणपत्र भरताना

अनिवासींना 'सहज' अर्थात आयटीआर-१ वापरता येत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसल्यास आयटीआर-२ भरावे लागते. त्याची नेहमीची मुदत ३१ जुलै असून, उशीर झाल्यास ५ हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडते. भांडवली तोटा पुढे ओढण्याचा हक्कही जातो. विवरणपत्राची पडताळणी ३० दिवसांत करावी लागते. आधारशी जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक बंद असल्यास नेट बँकिंगचा पर्याय आहे.

अनिवासींना पॅन-आधार जोडणीतून सूट असली, तरी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर अनिवासी दर्जाची नोंद नसल्याने २०२३मध्ये अनेकांचे पॅन निष्क्रिय झाले. ही नोंद तपासून घेणे हिताचे. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा लाभ घेण्यासाठी वास्तव्याच्या देशाचे कर-निवास प्रमाणपत्र आवश्यक असते.

परतल्यानंतर

आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून अधिक न राहिलेल्या व्यक्तीला परतल्यावर 'सामान्यतः निवासी नसलेला' हा मधला दर्जा मिळतो. या काळात परदेशी उत्पन्न बहुतांशी करमुक्त राहते. त्यानंतर मात्र परदेशातील बँक खाती, समभाग व निवृत्तिनिधी यांची माहिती विवरणपत्रात देणे बंधनकारक आहे. ती दडविल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच पारपत्रावरील शिक्के, विमानाची तिकिटे आणि बँकेची विवरणे जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते; वास्तव्याचे दिवस सिद्ध करण्याची वेळ आली, तर तोच करदात्याचा भक्कम पुरावा असतो.