फादरांची पत्रं आणि विकलेली माणसं

आज पत्रांविषयी बोलायचं आहे. ही पत्रं अमेरिकेतली, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची. लिहिणारे बहुतेक तिथले कॅथलिक धर्मगुरू, म्हणजे फादर लोक. तुम्ही म्हणाल, फादरांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आपण कशाला ऐकायची? त्यांत बायका आहेत म्हणून. त्या बायकांनी स्वतः लिहिलेलं फारसं काही नाही, पण त्यांचं वय, त्यांची किंमत, त्यांचं रडणं त्या कागदांवर उतरलं आहे. आणि पुढे किती पिढ्यांनी, त्याच कागदांवरून त्यांच्या वंशातली माणसं एकमेकांना सापडली.

आधी थोडं मागचं सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड नावाचं राज्य आहे. १६३४ साली इंग्लंडहून लोक तिथं वस्तीला आले, त्यांच्याबरोबर जेझुइट संघाचे फादरही आले. जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. शाळा-कॉलेजं चालवण्यात त्यांचं जगभर नाव. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांचंच. मेरीलँडमध्ये त्यांच्याकडे मोठ्या जमिनी आल्या. तिथं तंबाखूचे मळे उभे राहिले आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकी वंशाची माणसं ठेवली, गुलाम म्हणून. सेंट इनिगोज, न्यूटाऊन, व्हाइट मार्श अशी त्या मळ्यांची नावं. या माणसांना फादर बाप्तिस्मा देत, त्यांची लग्नं लावत, त्यांच्यासाठी मिस्सा करत. आणि तीच माणसं फादरांच्या हिशेबात मालमत्ता म्हणून धरलेली असत, बैलजोडी धरावी तशी. अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरल यांनी १७८९ साली जॉर्जटाऊनला कॉलेज काढलं, आज ते मोठं विद्यापीठ आहे. खुद्द कॅरल यांच्याकडेही गुलाम होते.

ही माणसं गप्प बसली होती असं समजू नका. व्हाइट मार्शच्या मळ्यावर एडवर्ड क्वीन नावाचा माणूस होता. त्यानं १७९१ साली तिथल्या फादर जॉन ॲश्टन यांच्यावरच दावा लावला. त्याचं म्हणणं असं, की माझी आजी मेरी क्वीन स्वतंत्र बाई होती, म्हणून मीही स्वतंत्र. तिथला कायदा असा होता, की आई गुलाम तर मूल गुलाम आणि आई स्वतंत्र तर मूल स्वतंत्र. बापाचा प्रश्नच नाही. म्हणून सगळी लढाई आजीवर आली. आजी कुठून आली, कशी आली, लोक तिच्याबद्दल काय सांगत, हे साक्षीदारांनी कोर्टात सांगितलं. १७९४ साली एडवर्ड जिंकला. त्याच्या मागोमाग क्वीन घराण्यातल्या आणखी काहीजणांनी दावे लावून सुटका करून घेतली.

पुढे त्याच घराण्यातली मीमा क्वीन स्वतःसाठी आणि आपल्या मुलीसाठी, लुइझासाठी, लढली. तिचं प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १८१३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की ऐकीव गोष्ट पुरावा धरता येणार नाही. म्हणजे, आजीविषयी लोक काय सांगत आले ते चालणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. आता मेरी क्वीनला डोळ्यांनी पाहिलेला माणूस १८१३ साली आणायचा कुठून? एकच न्यायाधीश, गॅब्रिएल डुव्हाल, वेगळं बोलले. माणसाचा स्वातंत्र्याचा हक्क मालमत्तेच्या हक्कापेक्षा मोठा, असं त्यांचं मत पडलं. पण ते एकटे. मीमा आणि लुइझा हरल्या.

इथं मला थांबावंसं वाटतं. ज्या लोकांना लिहायला-वाचायला शिकू द्यायचं नाही, त्यांच्याकडे पुरावा म्हणून असणार काय? तोंडी सांगितलेलंच ना? आपल्याकडेसुद्धा बांध कुठून होता हे सासूबाईंना तोंडपाठ असतं, पण तलाठ्यापुढे विचारतात ते सातबाऱ्यावर काय आहे. मीमा क्वीनचा सातबारा दुसऱ्याच्या कपाटात होता.

आता त्या कपाटातलं एक पत्र. हे मात्र फादरांचं नाही, फादरांना आलेलं आहे. १८२३ साली जेझुइटांनी पश्चिमेकडे मिसुरी राज्यात नवं काम सुरू केलं. तिकडे जाताना त्यांनी मेरीलँडच्या मळ्यावरून तीन जोडपी सोबत नेली. त्यांत थॉमस ब्राऊन आणि त्याची बायको मॉली होती. दहा वर्षांनी, ऑक्टोबर १८३३ मध्ये, थॉमसने सेंट लुइसहून मेरीलँडच्या प्रांतप्रमुखांना, फादर विल्यम मॅकशेरी यांना पत्र पाठवलं. त्यात तो सांगतो, की मी अडतीस वर्षं संघाची इमानानं चाकरी केली. मॉली तर संघाच्याच मळ्यावर जन्मली, वाढली, आता पन्नाशी ओलांडली आहे. आणि एवढं करून आम्हाला डोकं टेकायला जागा नाही. कुजलेल्या लाकडी खोपटात राहतो, वारा सुटला की ते अंगावर पडेल म्हणून जीव मुठीत धरतो. इथले फादर म्हणतात, बाहेरच्या कोठाराच्या माळ्यावर जाऊन राहा. तिथं चूल नाही, शेकोटी नाही, आणि इकडची थंडी कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. शेवटी तो विचारतो, की दोघांच्या मिळून शंभर डॉलर देतो, आम्हाला मोकळं करा.

किती अदबीनं लिहिलं आहे ते पत्र. तक्रार आहे, पण आवाज चढलेला नाही. अडतीस वर्षं राबल्यावर माणूस स्वतःचीच किंमत स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होतो, आणि ती देताना बायकोला वगळत नाही. मला या सगळ्या कागदांमधलं हे पत्र सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं.

त्या शंभर डॉलरांचा आकडा लक्षात ठेवा, कारण पाचच वर्षांनी दुसरा आकडा येतो.

१८३०च्या सुमाराला मेरीलँडचे मळे नीट चालत नव्हते आणि जॉर्जटाऊन कॉलेजवर कर्ज झालं होतं. पुढे काय करायचं यावर फादरांमध्ये दोन तट पडले. मॅकशेरी आणि फादर थॉमस मलेडी यांच्यासारख्या अमेरिकेत जन्मलेल्या फादरांना वाटे, की मळे आणि गुलाम हे जोखड आहे, विकून टाकू आणि शहरातल्या कॉलेजांवर लक्ष देऊ. युरोपातून आलेल्या बऱ्याच फादरांना ते पटत नव्हतं. दोन्ही बाजूंची पत्रं समुद्रापार रोमला जाऊ लागली, संघाचे प्रमुख फादर यान रोथान यांच्याकडे. पत्र बोटीनं जायचं, उत्तरही बोटीनंच यायचं. त्या येण्याजाण्यात २७२ माणसांचा संसार टांगलेला होता आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

अखेर १८३६ साली रोमहून होकार आला, पण अटी घालून. नवरा-बायको, आई-लेकरं यांची ताटातूट करायची नाही. विकत घेणाऱ्यानं त्यांना धर्म पाळू द्यायचा. आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही, नवे फादर घडवायला ठेवायचा. अटी वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याला मन होतं. पण ज्याला विकू नये असं मनातून वाटतं, तो अटी कशाला घालेल? सरळ नाही म्हणेल.

१९ जून १८३८ रोजी करार झाला. विकणारे फादर मलेडी, तेव्हा तेच प्रांतप्रमुख होते. घेणारे दोघे, लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि तिथलाच मळेवाला जेसी बेटी. एकूण रक्कम १,१५,००० डॉलर, म्हणजे तान्ह्या पोरासकट डोईमागे सव्वाचारशेच्या आसपास. पहिला हप्ता २५,००० डॉलर आला. त्यातले १७,००० डॉलर कॉलेजच्या कर्जापोटी गेले आणि ८,००० बाल्टिमोरच्या आर्चबिशपांशी चाललेला जुना वाद मिटवायला. म्हणजे रोमची पैशाची अट पहिल्याच हप्त्यात मोडली. कराराला यादी जोडली होती, नाव आणि वय. पहिलं नाव आयझॅक, वय ६५. आडनाव नाही.

लुइझियाना दूर दक्षिणेला. तिथं उसाचे आणि कापसाचे मळे, उकाडा, आणि गुलामांना तिथलं नाव काढलं तरी धडकी भरावी असं काम. माणसं न्यायला आले तेव्हा काहीजण रानात पळून लपले. बाकीच्यांना जहाजावर चढवलं. एकट्या कॅथरीन जॅक्सन नावाच्या जहाजातून शंभरावर माणसं गेली, डिसेंबरात ती न्यू ऑर्लिन्सला उतरली.

न्यूटाऊनला तेव्हा फादर पीटर हॅव्हरमन्स होते. त्यांनी रोमला जे लिहिलं, ते फार थोड्या अधिकाऱ्यांना कुणी लिहिलं असेल. असलं काम वाईट माणसं करतात, पैशापलीकडे काही न दिसणारे गुलामांचे व्यापारी करतात, असं त्यांनी आपल्याच वरिष्ठांविषयी लिहिलं. आणि एका बाईची हकीकत सांगितली. ती गरोदर होती. निघण्याआधी ती शेवटचा आशीर्वाद घ्यायला आली, गुडघे टेकले आणि म्हणाली, की आशा सोडून द्यावी असं कारण कुणाला कधी असेल, तर ते आज मला आहे. बाळंतपण कुठं होईल, वाटेत की समुद्रात, काही ठाऊक नाही. माझं काय होणार? मी असं काय केलं होतं? फादर तिला एवढंच म्हणू शकले, की देवावर भरवसा ठेव.

तिचं नाव त्यांनी लिहिलं नाही. पण ती काय बोलली ते लिहिलं, आणि म्हणून आज इथं आपल्या रेडिओवर ते ऐकता येतंय.

ताटातुटीची अटही पाळली गेली नाही. कुणाचा नवरा शेजारच्या दुसऱ्या मालकाच्या मळ्यावर होता, कुणाची बायको. पुढे जॉन्सन यांना हप्ते झेपेनात, काही माणसं पुन्हा विकली गेली. विक्रीची बातमी रोमला पोचल्यावर बोंब झाली, मलेडींना प्रांतप्रमुखपद सोडावं लागलं आणि काही वर्षं युरोपात काढावी लागली. पण नंतर ते परतले आणि १८४५ साली त्याच जॉर्जटाऊनचे पुन्हा अध्यक्ष झाले. दरम्यान १८३९च्या डिसेंबरात पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं होतं. विक्रीनंतर दीड वर्षानं.

दहा वर्षांनी, १८४८ मध्ये, फादर जेम्स व्हॅन डी व्हेल्डे लुइझियानात जाऊन या माणसांना भेटले. त्यांनी मेरीलँडला कळवलं, की यांच्यासाठी जवळ चर्च नाही, मुलं धर्मशिक्षणावाचून वाढतायत, निदान एक चर्च बांधायला तरी पैसे पाठवा.

मग हे सगळे कागद जॉर्जटाऊनच्या दफ्तरखान्यात राहिले. अभ्यासकांना ते माहीत होते, पण ज्यांच्याविषयी होते त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. २०१५ साली विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, की मलेडी आणि मॅकशेरी यांची नावं आमच्या इमारतींवर नकोत. २०१६ साली वर्तमानपत्रांत सगळं प्रकरण गाजलं आणि वंशजांचा शोध जोरात सुरू झाला. लुइझियानात मॅरिंग्विन नावाचं छोटं गाव आहे, तिथं घरोघरी त्या २७२ जणांचे वंशज निघाले. ते सापडले कसे? कॉर्नेलियस हॉकिन्स हा विक्रीच्या वेळी तेरा वर्षांचा मुलगा. मोठा झाल्यावरही तो कॅथलिक राहिला, लग्न चर्चमध्ये लागलं, आणि पुढे तिथल्याच कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरलं. फादरांची विक्रीची यादी, जहाजाची यादी आणि चर्चची नोंदवही एकमेकींना जुळली. चर्च नसताना, फादर नसताना त्या लोकांनी बाप्तिस्मा आणि आडनाव जपलं, म्हणून धागा तुटला नाही. त्यातला मोठा वाटा आयांचा असणार असं मी म्हणते. तान्ह्याला बाप्तिस्मा द्यायला घेऊन कोण जातं, तुम्हीच सांगा.

एप्रिल २०१७ मध्ये जॉर्जटाऊनला वंशजांसमोर जेझुइटांनी माफी मागितली. इमारतींची नावं बदलली. एकीला आयझॅक हॉकिन्सचं नाव मिळालं, म्हणजे यादीतला पहिला आयझॅक, आता आडनावासकट. दुसरीला ॲन मरी बीक्राफ्ट यांचं. या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई, वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२० साली, जॉर्जटाऊनला त्यांनी कृष्णवर्णीय मुलींची शाळा काढली. पुढे बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय सिस्टरांच्या संघात गेल्या आणि १८३३ साली वारल्या. थॉमस ब्राऊननं पत्र पाठवलं त्याच वर्षी.

२०१९ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून ठराव केला, की वंशजांसाठी दर सहामाहीला प्रत्येकी २७ डॉलर २० सेंट फी भरू. आकडा २७२ वरून घेतलेला. २०२१ साली जेझुइटांनी दहा कोटी डॉलर उभे करायचं जाहीर केलं. तो पैसा कसा खर्चायचा, कोणी ठरवायचं, यावर वंशजांमध्येच मतं निरनिराळी आहेत, आणि असणारच, एका घरात वाटणीवरून मतं जुळत नाहीत तर इतक्या घरांत कशी जुळतील.

कागद आता इंटरनेटवर खुले आहेत. हॉकिन्स, क्वीन, ब्राऊन, बटलर, हिल, असं आपलं आडनाव घेऊन लोक येतात आणि त्या यादीतली नावं आणि वयं एकेक करून वाचत जातात.