रडारची तिसरी मिती शुक्रावरून आली

रडारला उंची कशी दिसू लागली याची कुळकथा बहुतेक जण विमानापासून सांगतात. विमान हेरण्याचा १९३५चा डॅव्हेंट्रीचा प्रयोग, मग महायुद्ध, आणि १९७४ साली लेरॉय ग्रॅहम यांनी मांडलेली, विमानावरच्या दोन अँटेनांनी डोंगरदऱ्या मोजण्याची पद्धत. माझ्या मते या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर शुक्राकडे पाहावं लागतं.

शुक्र कायम ढगाआड. रडारचा प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पृष्ठभागावर समान अंतराची वर्तुळं आखता येतात. ग्रहाच्या फिरण्याने वारंवारिता किती बदलली यावरून समान वेगाचे पट्टे. पण वर्तुळ आणि पट्टा दोन ठिकाणी छेदतात, एक उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिण. दोन्हींचा प्रतिध्वनी एकाच क्षणी, एकाच वारंवारितेवर येतो. एकटी अँटेना हे जुळे ओळखूच शकत नाही.

रॉजर्स आणि इंगल्स यांनी १९६९मध्ये तोड प्रसिद्ध केली. मॅसॅच्युसेट्समधल्या हेस्टॅकच्या ३७ मीटर अँटेनाने लहरी सोडायच्या; परतीच्या लहरी तिने आणि सव्वा किलोमीटरवरच्या वेस्टफर्डच्या १८ मीटर अँटेनाने मिळून टिपायच्या. दोन्हींच्या फेजमधला, म्हणजे लहरीच्या टप्प्यामधला, फरक दिशा सांगतो, आणि जुळे वेगळे होतात.

खरी कलाटणी पुढे आहे. चंद्र आकाशात इतका मोठा दिसतो की हेस्टॅकचा झोत त्याचा तुकडाच उजळतो. तिथे जुळ्यांचा पेच उरला नाही आणि फेजचा फरक उंचीसाठी मोकळा झाला. स्टॅन्ली झिस्क यांनी १९७२मध्ये याच जोडीने चंद्रावरचे चढउतार मोजण्याची रीत मांडली, ग्रॅहम यांच्या दोन वर्षं आधी.

ग्रॅहम स्वतंत्रपणे तिथे पोचले असतील, हे मान्य. तरी उंची मोजण्यातली वडीलकी चंद्राचीच. मूळपुरुषपदाचा दुसरा दावेदार म्हणजे योहान राडोन यांचं १९१७चं गणित: अनेक कोनांतल्या छायांवरून मूळ आकार उभा करणं. सीटी स्कॅनमागचं हेच गणित रडारच्या प्रतिमेलाही लागू पडतं, हे मन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये दाखवलं. मी त्याला या घराण्याचं आजोळ मानतो.

आज काटकोनात मांडलेल्या तीन अँटेना फिरत्या उपग्रहाच्या प्रत्येक चमकत्या बिंदूचे तिन्ही निर्देशांक देतात. फेजच्या अशाच तुलनेसाठी दूरदूरची रडारं जोडायची तर घड्याळं जुळवणं कठीण: तीन सेंटिमीटरच्या लहरीला नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक म्हणजे अख्खी एक लहर. ही फेजची शिस्त रडारच्या प्रतिमांना शुक्राच्या जुळ्या बिंदूंनी लावली, असं माझं ठाम मत आहे.